तंगाची दुसरी ओढ

"थांब. घोड्याला श्वास सोडू दे."

हा आवाज माझ्या कानात कधी येऊन बसला ते सांगता येणार नाही. मला नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासूनचा असावा. अंगणातून येणारा बाबांचा आवाज, चढा नाही की रागाचा नाही. निजलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसा.

बाबा खोगिरं करायचे. गिऱ्हाईक नवं खोगीर न्यायला आलं की बाबा ते स्वतः त्याच्या घोड्यावर चढवून द्यायचे. पोटाखालून जाणारा रुंद पट्टा, त्याला तंग म्हणतात, तो कसा आवळायचा हे दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे. बाबा म्हणायचे, घोडं गरीब दिसतं पण लबाड असतं. पट्टा ओढला की छाती फुगवून उभं राहतं. आपल्याला वाटतं, झाला घट्ट. मग ते जरा चालतं, श्वास सोडतं आणि तंग सैल पडतो. म्हणून आधी एकदा ओढायचं, घोड्याला थोडं फिरवायचं आणि पुन्हा ओढायचं. याचं त्यांनी गाणंच केलं होतं. टाके घालताना सुईच्या तालावर म्हणायचे:

पहिली ओढ घोड्यासाठी, दुसरी ओढ माणसासाठी,
मधे थोडं थांबावं, सुटल्या श्वासासाठी.

शाळेत शिकलेलं निम्मं मी विसरले, पण हे नाही. दादाही विसरला नसेल, असं मला वाटायचं.

दादा घोडीवरून पडला त्या दिवशी हे गाणं आमच्या घरातून उठून गेलं.

त्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. बाबांनी काही महिन्यांपूर्वीच त्याच्या मापाचं खोगीर शिवलं होतं, शिवताना आईशी बोलायचंसुद्धा विसरले होते. त्या सकाळी मित्र कुरणाच्या उतारावर वाट बघत होते. दादा घाईत घोडी घेऊन गेला. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडत आलं आणि बाबा हातातलं काम टाकून धावले. आई आणि मी पोचलो तेव्हा दादा गवतात पडला होता, पाय भलतीकडेच वळलेला. घोडी लांब उभी राहून थरथरत होती, मित्र घाबरून केव्हाच पांगले होते. खोगीर उलटं पडलं होतं, आणि तंगाचे दोन तुकडे झाले होते.

"टाका उसवला," बाबा म्हणाले. "माझा टाका उसवला."

हे त्यांनी दवाखान्यात सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, विचारेल त्याला सांगितलं. तुकडे कुणी हातात घेऊन पाहिले नाहीत. मुलाच्या पायाकडे बघायचं सोडून पट्ट्याकडे कोण बघतं? दादाच्या डोक्याला मार लागला होता, त्यामुळे ती सकाळ त्याच्या आठवणीतून पुसून गेली. मागे राहिला तो एक आखूड पाय आणि बापाच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य. बाबांनी खोगीर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

ज्याचा टाका पोटच्या पोराखाली उसवला, त्याचं खोगीर कोण घेणार? गिऱ्हाइकं भांडली नाहीत, नुसती यायची थांबली. बाबा पिशव्यांचे बंद, कमरेचे पट्टे, कुत्र्यांचे गळपट्टे शिवू लागले. पुढे दुकान मी चालवायला घेतलं. दादा सुतार झाला आणि आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे त्याने आपलं दुकान थाटलं. चामडं सोडून लाकूड का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, लाकूड उसवत नाही. हे तो हसत म्हणायचा. बाबाही हसायचे. मला ते दोन्ही हसू सहन व्हायचं नाही.

बाप-लेकात भांडण म्हणून कधी झालं नाही. औषध आणलंय, दार लावून घ्या, विजेचा माणूस आला होता, एवढं बोलणं चालायचं. त्यापलीकडे रस्ता होता.

ते खोगीर पुन्हा खाली आणलं भिंगरीने. भिंगरी ही दादाची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून आजोबांनीच ठेवलेलं हे नाव. गावाबाहेरच्या तबेल्यात ती वर्षभर घोडा शिकत होती. बापाने परवानगी दिली होती ती वहिनीने आठवडाभर अबोला धरल्यावर. तबेल्यातली एक जुनी घोडी भिंगरीच्या जिवाची, पण पाठीने रुंद. बाजारातली खोगिरं तिला खुपायची, पाठीवर चट्टे उठायचे. तबेलेवाला म्हणाला होता, तुझे आजोबा करायचे तसलं रुंद खोगीर हवं हिला. झालं. भिंगरी शिडी लावून माळ्यावर चढली आणि पोतं पाठीवर टाकून, केसात जाळी घेऊन माझ्या कामाच्या पाटासमोर उभी राहिली.

"आत्या, हे नीट करून दे," ती म्हणाली. "आणि माझ्या बाबांना तूच सांग. तुझं ते ऐकतात."

पोतं सोडलं तेव्हा आतून जुन्या पावसाचा आणि उंदरांचा वास आला. कातडं वाळल्या सालीसारखं झालं होतं, वाकवलं तर कडकड बोललं असतं. बुरशीचे पांढरे वेल त्यावर चढले होते. खालच्या गादीला भोक होतं आणि आतल्या लोकरीत उंदरांनी बाळंतपणं उरकली होती. भिंगरी म्हणाली, आमचे सर म्हणतात निबंधात खोगीरभरती करू नका, ती हीच का? खिडकीपाशी बसलेले बाबा इतक्या वर्षांनी ते खोगीर बघत होते, तरी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, तुमच्या सरांना एकदा भरती नसलेल्या खोगिरावर बसव, म्हणजे महिनाभर उभ्याने शिकवतील.

भिंगरी हसत गेली. बाबा मात्र तिच्याबरोबर हसून लगेच खिडकीकडे वळले आणि मला म्हणाले, तिला सांग हे होण्यासारखं नाही. कातडं मेलंय.

कातडं मेलं नव्हतं. बोटाला कळतं ते. मी म्हटलं, बघते तर खरी.

दुसऱ्या दिवशी बाबा वामकुक्षी घेत असताना मी खोगीर उघडायला घेतलं. डाव्या बाजूचा कातडी पदर उचलला. त्याच्या आत सांगाड्यापासून लोंबणारे पट्टे असतात, तंगाची बकलं त्यांनाच अडकवायची. उसवलेला टाका मला बघायचा होता. इतकी वर्षं ज्याच्याविषयी ऐकलं तो दिसतो तरी कसा, असं मनात होतं.

टाका उसवलेला नव्हता. एकही नाही. मी चिमट्याने ओढून पाहिले, भिंगाखाली धरून पाहिले. मेण काळं पडलं होतं, दोरा जसाच्या तसा होता. आणि पट्ट्यांना तंगाची बकलं अजून लागलेलीच होती, गंजून जाम झालेली. बकलाचा काटा होता तळाच्या भोकात. वरची भोकं वापराने लांबट झाली होती, कडा काळवंडल्या होत्या. तंग रोज तिथपर्यंत चढत असणार. त्या दिवशी तो चढला नव्हता. काटा पहिल्या ओढीच्या जागी तसाच राहिला होता.

मग मी तंगाचा तुकडा उजेडात धरला. कातडं तुटतं तेव्हा त्याची कड कुरतडल्यासारखी होते. ही कड सरळ होती, आणि तिरकी. चामडं कापायच्या आमच्या सुरीला रापी म्हणतात, हा रापीचा काप होता. बाबा डावखुरे आहेत. त्यांच्या कापाचा उतार जगाच्या उलटा पडतो. लहानपणी मी त्यांचे आणि दुकानातल्या गड्याचे तुकडे त्यावरूनच वेगळे करायची.

मला ती सकाळ दिसली. खोगीर सैल, उतारावर फिरलं, दादा घोडीच्या पोटाखाली, रिकिबीत अडकलेला पाय, आणि घोडी उधळलेली. धावणारे बाबा. बक्कल सोडायला वेळ कुठला. कामाच्या कपड्यातली रापी निघाली असेल आणि एका हिसक्यात पट्टा सुटला असेल. पाय गेला, पोरगा राहिला.

बाबा उठून आले तेव्हा मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. तो तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. रस्त्यापलीकडून दादाच्या रंध्याचा आवाज येत होता.

मी विचारलं, का? बाबा म्हणाले, शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, काय झालं होतं? पायाचं तर तेव्हाच कळलं होतं त्याला. "पाय गेलेल्या पोराच्या गळ्यात वर चूकही बांधायची होती का मी?"

"आणि तुमचं नाव गेलं ते?"

"नाव परत शिवता येईल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "नाही आलं. असू दे."

मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. दादाला सांगायचं नाही, आपण गेल्यावरही नाही. मी हो म्हटलं. तंगाचे तुकडे पाटाच्या खणात मेणाच्या गोळ्यांखाली ठेवले. त्या दिवसापासून तो खण उघडताना मला चोरासारखं वाटायचं. कधी बाबांचा राग यायचा. एवढी माया, आणि तिच्यावर दोघांची आयुष्यं उपाशी राहिली. कधी दादाचा यायचा, मग त्याचा तरी काय दोष म्हणून स्वतःचाच.

दादाला मी खोगिराविषयी सांगायला गेले तेव्हा त्याने रंधा थांबवला नाही. भुश्शाकडे बघत ऐकून घेतलं. नाही म्हणाला. मग भिंगरी जेवेनाशी झाली, वहिनीने पुन्हा अबोल्याची तयारी केली, आणि दादा हो म्हणाला, पण एका अटीवर. भार पेलणारा प्रत्येक टाका मी घालायचा, दुहेरी दोऱ्याने. बाबांनी सुई लावायची नाही.

मी खोगीर धुतलं. साबणाचा फेस, ओलं फडकं, पुन्हा फेस. फडकं चहाच्या रंगाचं व्हायचं. सावलीत वाळवलं. मग तेल. ते तळहाताच्या उबेने, थोडं थोडं. तहानलेल्याला घागर पालथी घालू नये, बाबा म्हणायचे. आधी कातडं नुसतं पीत राहिलं. मग एके सकाळी पदर वाकवला आणि तो बोलला नाही, मुकाट वाकला. मी तो पुन्हा पुन्हा वाकवून पाहिला.

गादीतली जुनी लोकर काढली तेव्हा खालचा लाकडी सांगाडा उघडा पडला. पुढच्या कमानीला चीर होती. उलटं पडलं तेव्हाची असेल. लाकडाचं काम मला येत नाही. दादाला बोलवावंच लागलं.

तो आला आणि उंबऱ्याशी थांबला. किती वर्षांनी आला होता कोण जाणे. भिंतीवरच्या आऱ्या, दाभणं, लाकडी चिमटा, सगळ्यावरून त्याची नजर फिरली, फक्त खिडकीकडे गेली नाही. खिडकीत बाबा नवी लोकर पिंजत बसले होते. सुई लावायची नव्हती, लोकरीचं कुणी काही म्हटलं नव्हतं.

दादाने सांगाडा टोकरून पाहिला, चिरेत नख घातलं. लाकूड चांगलं वापरलंय, म्हणाला. हे त्याने मला सांगितलं, पण ऐकायचं होतं ते खिडकीने ऐकलं. मग त्याने पट्टे आणि तंग बघितले, मी नवे शिवलेले, आणि विचारलं, "हे तुझेच ना? त्यांनी हात नाही ना लावला?"

"माझेच," मी म्हटलं.

"मग ठीक. एकदा विश्वास ठेवून झालाय."

लोकर पिंजणारी बोटं थांबली नाहीत, फक्त सावकाश झाली. मी खणाच्या मुठीला हात घातला होता. बाबांनी मान वर केली, माझ्या हाताकडे बघितलं आणि हलकेच मान हलवली. मी हात काढून घेतला.

दादाने कमान जोडून दिली, आतून एक पातळ लोखंडी पट्टी बसवली, आणि दिसेल ना दिसेल असं काम करून निघून गेला. गादी बाबांनी भरली. घोडीच्या पाठीचं माप भिंगरीने तार वाकवून आणलं होतं. त्या तारेच्या वळणावर हात ठेवून बाबा डोळे मिटून लोकर भरत राहिले. कुठे जास्त, कुठे उगीच चिमूटभर. भिंगरी शेजारी बसून त्यांना घोडीच्या खोड्या सांगायची. पहिली ओढ असं बाबा एकदा पुटपुटले आणि पुढचं गिळलं. ती म्हणाली, काय आजोबा? ते म्हणाले, काही नाही, घशात लोकर गेली.

खोगीर तयार झालं. गडद, मऊ, खिडकीतला उजेड अंगावर वागवणारं. जुने ओरखडे मी राहू दिले.

तबेल्यात आम्ही सगळेच गेलो. वहिनी घरी थांबली, मला बघवणार नाही म्हणाली. बाबा काठी टेकत कुंपणाशी उभे राहिले. घोडी बाहेर आली, भिंगरीच्या खिशाला नाक लावून हुंगायला लागली. तबेलेवाला खोगीर चढवायला पुढे झाला, पण दादाने हात आडवा केला. म्हणाला, आज मी बांधणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, पोरी, तूसुद्धा नाही. तबेलेवाला माझ्याकडे बघून कौतुकाने हसला आणि मैदानाचं फाटक उघडायला गेला.

दादाने खोगीर ठेवलं. मग तो टाके बघायला लागला. पदर उचलून, वाकून, आखूड पायावर तोल सावरत. प्रत्येक टाक्यावर नख फिरवत होता, प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी हिसडून बघत होता. डावी बाजू झाली, उजवी झाली, पुन्हा डावी. कपाळावर घाम आला होता. मला म्हण आठवली, दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला. पण हसू आलं नाही. आयुष्यभर त्याने जिथे भीती ठेवली होती, तिथेच तो शोधत होता. ती तिथे आहे असं त्याला आम्हीच सांगितलं होतं.

शेवटी त्याने तंग ओढला. जोर लावून ओढला, काटा अडकवला. घोडी छाती भरून उभी होती, डोळे अर्धे मिटून, अगदी गरीब.

"चढ," दादा म्हणाला.

मी थांबले. आता आठवेल त्याला, आता फिरवेल तो घोडीला. त्याने रिकीब धरून दिली. भिंगरी आनंदाने इतकी उतावीळ झाली होती की शिकलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडालं होतं, आणि बापाने हात लावू नको म्हटलं होतंच. तिने पाय रिकिबीत घातला, आयाळीत मूठ रोवली. फाटकापलीकडे मैदान उतरत गेलं होतं. वचन माझ्या जिभेवर दगडासारखं बसलं होतं. ते थुंकायला मी तोंड उघडलं.

"थांब. घोड्याला श्वास सोडू दे."

आवाज तोच होता. म्हातारा झालेला, पण तोच. भिंगरीचा पाय रिकिबीत तसाच राहिला, मग तिने तो काढून घेतला. बाबा कुंपणातून आत आले होते, काठी तिकडेच राहिली होती.

दादा वळला. चेहरा तापलेला. टाके मी सगळे तपासलेत, म्हणाला, एकूण एक.

"टाके चांगलेच आहेत," बाबा म्हणाले. "तेव्हाही चांगलेच होते."

दादाला ते कळलं नसावं. बाबांनी घोडीचा लगाम धरला आणि तिला थोडं चालवून परत आणलं. तिने नाकातून लांब सुस्कारा सोडला. मग बाबांनी दादाचा हात मनगटाशी धरला, लहान मुलाचा धरावा तसा, आणि तंगाखाली सरकवला. हात मनगटापर्यंत आत गेला. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दादाची सगळी बोटं मोकळी हलत होती.

तो त्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसली. तो ते गाणं म्हणत होता, आवाज न काढता, आणि दुसऱ्या ओढीपाशी येऊन थांबला होता. भिंगरी एकदा बापाकडे, एकदा आजोबांकडे बघत होती.

"तो पट्टा," दादाने विचारलं, "बाबा, तो तुटला कसा?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी या वेळी मान हलवली नाही, नजर खाली घेतली नाही.

"तुटला नव्हता रे बाळा," ते म्हणाले. "तुला सोडवायला मी कापला. तू दुसऱ्यांदा ओढायचा राहिला होतास."